आवाज नसलेले एक्केचाळीस

“क्लाउड म्हणजे ढग. पण घाबरू नका, छत्री आणायची गरज नाही!” सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक म्हातारे-म्हाताऱ्या बसलो होतो. कुणी हसलं नाही. समोरच्या भिंतीवर निळ्या आभाळाचं चित्र पाडलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘क्लाउडची सोपी ओळख, ज्येष्ठांसाठी.’ सरांचं नाव कुलदीप. वय तिशीच्या आतलं, गळ्यात ओळखपत्र, हातात भिंतीवर लाल ठिपका पाडायचं यंत्र. तो ठिपका ते उगाचच इकडून तिकडं फिरवत होते.

माझ्या पलीकडच्या खुर्चीवर इस्माईल मोमीन होता. त्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाला, “मर्दा, आमच्या मांजरीला आणायला पायजे होतं. लई खेळली असती.”

हे तो बोलला, पण आवाज न काढता. नुसते ओठ आणि दोन बोटं.

आम्ही इचलकरंजीचे मागवाले. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस यंत्रमाग एकदम चालतात तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून शेडमध्ये आवाज कुणी काढतच नाही. तोंड नीट उघडून शब्द दाखवायचा, हातानं जोड द्यायची. चार मागांपलीकडचा माणूस बरोबर ओळखतो. त्या हॉलमधल्या बहुतेकांनी तीस-तीस वर्षं असंच बोलून काढली होती. मी जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. इस्माईल माग चालवायचा. आमच्या मागच्या रांगेतली सोनाआक्का आणि माझी बायको शालन एकाच मशीनवर सुताच्या कांड्या भरायच्या.

तेव्हा सर बोलत होते आणि सगळा हॉल त्यांच्या डोक्यावरून गप्पा मारत होता. त्यांच्या बुटांपासून त्यांच्या लग्नापर्यंत सगळं काढून झालं होतं. सोनाआक्कानं तर हुंडासुद्धा ठरवला.

“किती शांत वर्ग आहे!” सर म्हणाले. “कॉलेजच्या मुलांपेक्षा तुम्ही बरे.”

मला त्या क्लाउडचं काही कौतुक नव्हतं. दहावी नापास माणसाला आभाळातली कपाटं दाखवायला निघालेली ही पोरं मला सरळ भोंदू वाटायची. पण माझं एक काम अडलं होतं. माझा फोन भरला होता. रोज सकाळी तो म्हणायचा, जागा नाही, काहीतरी काढा. आणि त्यात शालनचे व्हिडिओ होते. एक्केचाळीस. ती जाऊन आठ महिने झाले होते. तिचा स्वतःचा फोन पद्मजानं, माझ्या लेकीनं, मावसभावाला देऊन टाकला होता आणि देण्याआधी दुकानदारानं तो पुसून कोरा केला होता. म्हणजे जे होतं ते माझ्याच फोनमध्ये. पद्मजा पुण्याहून सांगायची, “आप्पा, ते सगळं आपोआप क्लाउडवर जातं. मी चालू करून ठेवलंय. काळजी करू नका.” मी करायचो. जी वस्तू कुठं ठेवली ते दाखवता येत नाही, ती ठेवली आहे यावर मी कसा विश्वास ठेवणार? फोन भरून बंद पडला आणि शालन गेली तर? तेवढं विचारायलाच मी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं बसलो होतो.

“क्लाउड म्हणजे खरा ढग नसतो,” सर म्हणाले. “कंपनीचे मोठमोठे कॉम्प्युटर असतात, दूर कुठंतरी. तुमचे फोटो तिथं ठेवलेले असतात. तुम्ही इथून मागितले की तिथून येतात.”

“म्हणजे गोडाऊन,” इस्माईल मोठ्यानं म्हणाला.

“बरोबर! गोडाऊनच समजा, काका.”

“मग तसं बोला की. व्यापाऱ्याचं गोडाऊन. कापड आम्ही विणायचं आणि पडायचं त्याच्याकडं. किल्ली कुणाकडं?”

“किल्ली तुमच्याकडे. म्हणजे पासवर्ड.”

“आणि गोडाऊन कुणाचं?”

“कंपनीचं.”

“हां,” इस्माईल म्हणाला आणि माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाला, “किल्ली आपली, दार त्येंचं. झालं आपलं कल्याण.”

सरांनी मग एक कामाची गोष्ट सांगितली, तेवढी मी ऐकली. फोन आणि क्लाउड एकमेकांना जोडलेले असतात. फोनमधून नुसती जागा मोकळी करायचं एक बटण असतं. ते दाबलं तर वरची प्रत राहते. पण फोटो ‘काढून टाका’ म्हटलं, तर तो इथूनही जातो आणि तिथूनही जातो. लोक इथंच फसतात, म्हणाले. त्यांना वाटतं वर एक आहेच.

“आता प्रात्यक्षिक. कुणाचा फोन भरलाय?”

मी हात वर केला. सर आले, माझा फोन घेतला, त्याला वायर लावली, आणि माझा फोन भिंतीवर दिसायला लागला. खोलीएवढा. पडद्यावर गेल्या दिवाळीचा आकाशकंदील होता, तोही केवढा तरी.

“तुमचं नाव, काका?”

“भूपाल चौगुले.”

“तर चौगुलेकाकांच्या फोनमध्ये सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्ली ते बघू. व्हिडिओ. मोठे आधी, लहान नंतर, अशी यादी येते. हा बघा सगळ्यात मोठा. चार मिनिटांचा.”

त्यांनी तो लावला.

ते लावतील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, नुसती बटणं दाखवतील. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच राहिलो.

भिंतीवर शालन आली. पद्मजाच्या घरातली खिडकी, निळी खुर्ची, गळ्याभोवती पांढरा पंचा. शालनच्या घशात गाठ झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. ती पुढचे सात महिने लेकीकडेच होती, शेवटपर्यंत. आवाज गेला म्हणून सगळे हळहळले. आम्ही दोघं नाही. आम्हाला आवाज कधी लागला होता? आठवड्यातून एक-दोनदा ती पद्मजाला आपला फोन धरायला लावायची आणि शेडमधल्यासारखी बोलायची. तो व्हिडिओ मला यायचा. मी चहाच्या सुट्टीत सुताच्या खोलीत एकटा जाऊन बघायचो.

“आवाज येत नाही का?” सरांनी फोनचा आवाज वाढवला. नुसती बारीक खरखर. “येत नाहीये. रेकॉर्डिंग फेल गेलंय. बघा, असे खराब व्हिडिओ आपण वर्षानुवर्षं सांभाळतो.”

हॉलमधल्या गप्पा थांबल्या होत्या. चाळीस जण भिंतीकडे बघत होते. आणि त्यांतल्या तीसेकांना शालन काय म्हणते ते सगळं कळत होतं.

शालन म्हणत होती:

“पाच महिने झाले. मागाला सुट्टी नाही म्हणता. माग काय कधी बंद पडत नाहीत? जॉबर तुम्हीच, पाडा की एखादा.”

इथं ती हसली. मग पंच्यावर हात ठेवला.

“मला ठाऊक हाय तुम्ही का येत नाही. एकदा आलात, गळा बघितलात आणि न्हाणीत जाऊन ओकलात. नळ सोडला होता तुम्ही. तरी मला ऐकू आलं. माझा आवाज गेलाय, कान न्हाय गेले. राग न्हाय मला. पण माझं नाव पुढं करू नका. मी येऊ नका म्हटलेलं न्हाय. या. मी मान झाकून बसते. हे बघा, अशी. काही दिसत न्हाय.”

तिनं पंचा हनुवटीपर्यंत ओढून दाखवला. मग पुढं तेच. या. मान झाकून बसते.

सरांनी तिथं व्हिडिओ थांबवला. शालन तोंड अर्धं उघडं ठेवून भिंतीवर राहिली.

आता ते सांगतो. शालन पुण्यात असताना गल्लीत, शेडमध्ये, बस्तीच्या देवळात जो भेटेल तो विचारायचा, “भूपाल, जात न्हाईस व्हय बघायला?” मी म्हणायचो, “तीच येऊ नका म्हणते. म्हणते, माग सोडू नका, मालक दुसरा जॉबर ठेवील.” लोक म्हणायचे, बाई मोठ्या मनाची. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी हेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि सोनाआक्कानं डोळ्याला पदर लावला होता. इस्माईलनं तर मला उलटी समजूत घातली होती, “तिचाच हुकूम होता, तू काय करणार.” मालकाचं नाव घेतलं होतं मी. तो बिचारा मला दोनदा स्वतःहून म्हणाला होता, जाऊन ये.

“काका, बसा ना,” सर म्हणाले. त्यांनी आणखी तीन-चार व्हिडिओ उघडून बंद केले. “सगळे सारखेच. तीच खुर्ची, आवाज नाही. एकूण एक्केचाळीस. हे काढले की निम्मा फोन मोकळा. लक्षात ठेवा, क्लाउडवरनं पण जातील. काढू?”

मी मागं बघितलं नाही. मानेवर सगळ्यांचे डोळे कळत होते.

“काढा,” मी म्हणालो.

खोटं बोलणाऱ्याला पुरावा जाळून द्यायला याहून बरा माणूस मिळाला नसता. त्याला काय जळतंय ते ठाऊक नव्हतं. बोट दोनदा टेकवलं, आणि शालन एक्केचाळीस वेळा भिंतीवरून गेली.

“बघा किती जागा झाली!” सरांनी टाळी वाजवली. एकट्यानंच. “आता प्रश्न विचारा. काही प्रश्न?”

मी गुडघ्यांकडे बघत बसलो. आमच्या बोलण्यात एक सोय आहे. खाली बघितलं की कान बंद. समोरच्यानं काय वाटेल ते म्हणावं, तुमच्यापर्यंत पोचत नाही. शेडमध्ये भांडण झालं की बायका मुद्दाम कांड्यांकडे बघत बसायच्या. शालन तर तासन्‌तास बसायची.

इस्माईलनं माझ्या खुर्चीला लाथ मारली. मी वर बघितलं.

“तू म्हटलास, तिनंच नको सांगितलं,” तो ओठांनी म्हणाला.

मी पुन्हा खाली बघितलं. पुन्हा लाथ. या वेळी जरा जोरात.

“मी तुझ्यासाठी बोललो होतो लोकांशी,” तो म्हणाला. “सख्ख्या भावाशी भांडलो. तो म्हणत होता, भूपाल पळपुटा हाय.”

“व्यवस्थित समजलंय ना सगळ्यांना?” सर विचारत होते. “इतकी शांतता म्हणजे समजलंच असणार.”

मी मागं वळलो. सोनाआक्का उभी होती. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, पुढच्या खुर्चीला धरून उभी. बाकीच्या बायकाही माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. शेडमधल्या बायकांच्या शिव्या आवाजाशिवाय जास्त लागतात, कारण प्रत्येक अक्षर दिसतं.

सोनाआक्कानं एका हातानं पदर गळ्यापर्यंत ओढला, शालनसारखा. मग म्हणाली, “का न्हाय गेलास?”

मला काहीही सांगता आलं असतं. मोठ्यानं सांगायचं असतं तर मी सांगितलंही असतं. माग, मालक, रजा. पण ओठांनी बोलताना तोंड पूर्ण उघडावं लागतं आणि समोरच्याकडे सरळ बघावं लागतं. तसं खोटं बोलायची सवय मला नव्हती. खोटं मी नेहमी आवाजातच बोललो होतो.

“भ्यालो,” मी म्हणालो. “त्या भोकातनं श्वास वाजत होता. मला बघवंना.”

“तिला भोक होतं, तुला काय झालं हुतं?”

“काही न्हाय.”

“मग?”

“मग काय न्हाय. भ्यालो, आक्का.”

तिनं माझ्याकडे जसं बघितलं तसं मेलेल्या उंदराकडे बघतात. त्यात राग नव्हता. राग बरा असतो. मग ती म्हणाली, “आणि आता तिला पुसून टाकलंस. तिथं गेला न्हाईस आणि हिथं आली तर हाकलून दिलीस. परत आण.”

“परत आण,” इस्माईल म्हणाला.

तिसऱ्या रांगेतून आणखी कुणी तेच म्हणालं. मग आणखी एकानं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि चारी बाजूंनी माणसं मला ओरडत होती.

“प्रश्न नसतील तर आपण चहा घेऊ,” सर म्हणाले.

मी उठलो. “सर, काढलेलं परत येतं का?”

“कुठलं, काका?”

“आत्ता काढलं ते.”

“येतं ना. ते लगेच जात नाही, कचरापेटीत पडतं. यात साठ दिवस राहतं. नंतर मात्र कायमचं गेलं.” त्यांनी घड्याळ बघितलं. “पण ते कशाला परत आणायचं? फोन पुन्हा भरेल. त्यात आवाजच नाही, काका.”

“आणा.”

“अहो, पण खराब आहेत ते. मी तुम्हाला समजावतो...”

“ए सर,” सोनाआक्का मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज हॉलभर घुमला आणि सर दचकले, कारण सकाळपासून बायकांपैकी कुणी तोंडातून ब्र काढला नव्हता. “समजवू नका. बटण दाबा.”

सरांनी दाबलं. ओळीनं सगळे परत आले. त्यांनी मोजून दाखवले, एक्केचाळीस. मग मघाचं ते दुसरं बटण दाबलं, नुसती फोनमधली जागा मोकळी करायचं, आणि मला दोनदा उघडून दाखवलं की ते वर आहेत आणि इथून बघता येतात. एवढं एक काम त्यांनी चोख केलं, आणि आणखी एक. शालन कोण, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

चहाच्या वेळी माझ्याजवळ कुणी उभं राहिलं नाही. इस्माईल बाहेर पडताना बरोबर आला नाही. नंतरचे तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही, आवाजानंही नाही आणि ओठांनीही नाही. मला ते रास्त वाटलं. मीही मला चहाला बोलावलं नसतं.

संध्याकाळी पद्मजाचा फोन आला.

“आप्पा, झाला का फोन मोकळा?”

“झाला.”

“आणि आईचे व्हिडिओ?”

“हायत. वर हायत.”

“मी म्हणत होते ना! उगाच घाबरत होता.” मग ती म्हणाली, “आप्पा, एक विचारू? ती काय बोलायची हो त्यात? मी फोन धरून बसायचे, पण मला एक अक्षर कळायचं नाही. तुम्ही मला ती भाषा कधी शिकवलीच नाहीत. तुम्ही नेहमी म्हणायचा, रोजचंच, जेवलात का, गोळी घेतलीत का.”

ती इंजिनियर. मागाच्या आवाजापासून लांब राहावी म्हणून आम्ही तिला शेडमध्ये कधी फिरकू दिलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. चार मिनिटांचं सगळं, शब्दाला शब्द. न्हाणी, नळ, पंचा. मालकानं मला कधी अडवलं नव्हतं तेही सांगितलं. पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“पद्मजा?”

“मी आईशी भांडले होते,” ती म्हणाली. “तुम्ही मला फोनवर सांगितलंत ना, तीच येऊ नका म्हणते, त्याच दिवशी. मी चिडले. म्हटलं, आई, कसला हट्ट हा, त्यांना का येऊ देत नाहीस? शेवटी त्यांनाच त्रास होईल. खूप बोलले मी तिला. दोन दिवस नीट वागले नाही.”

“ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? मला तिचं बोलणं कुठं कळायचं! माझ्याशी बोलायला मी तिला पाटी दिली होती. सगळं त्यावर लिहायची ती. पाणी, दूध, खिडकी लाव.” तिनं नाक ओढलं. “त्या दिवशी पाटी तिच्या मांडीवरच होती, आप्पा. खडू हातात होता. माझं बोलणं संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत बसली. आणि मग तिनं लिहिलं, ‘हो. मीच नको म्हटलं.’”